मजुरांच्या वतीने कोणी बोलावे?

आमचे घाटंजी हे कापसाच्या मुलखातील गाव. 1972 साली सरकारची एकाधिकार खरेदी सुरू होण्यापूर्वी येथील बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि भावाचे बोलणे चाले, ते मी लहानपणी पाहिले आहे. व्यापाऱ्यास कधी घाई नसे. घाई असे ती शेतकऱ्यास, कारण त्याला दिवस मावळण्यापूर्वी गाडी रिकामी करून घरी परतावयाचे असे. ज्याला थांबणे परवडते त्याच्याच शब्दाला वजन येते, हा धडा मी तेथे शिकलो. हा कापूस ज्या गिरण्यांत जाई, तेथील मजुरासही हाच न्याय लागू होता. एकट्या मजुरास थांबणे परवडत नाही. म्हणून संघटना जन्मास आली.

आपल्या वऱ्हाड-नागपूर भागापासूनच आरंभ करू. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच वर्षी तेथे मजुरीच्या दरावरून संप झाला. हिंदुस्थानातील गिरणी-संपांच्या अगदी आरंभीच्या नोंदींत त्याची गणना होते. पुढे याच गिरणीने 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई देऊ केली. भरपाईचा कायदा तर 1923 साली आला! ही दूरदृष्टी खचित वाखाणण्याजोगी होय. तथापि, जे मालकाच्या सौजन्याने मिळते ते त्या सौजन्यापुरतेच टिकते. शेजारच्या गिरणीतील मजुरास त्याचा आधार नसतो. देणगी आणि करार यांत हाच भेद आहे.

हा भेद प्रथम ज्यांनी ओळखला ते नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी-मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज सिद्ध केला. मागण्या किती साध्या होत्या पाहा: आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी मजुरास साहाय्य. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी-मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या संस्थेस सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. तिचे सारे बळ त्या सह्यांत होते.

1926 च्या कायद्याने संघटनेस नोंदणी व संरक्षण मिळाले. परंतु तिच्याशी बोलणी करण्याचे बंधन मालकावर आले नाही. ते बळ मजुरांनाच उभे करावे लागले. 1928 साली मुंबईत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख मजुरांचा संप चालला. त्या वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे सभासद काही शेकड्यांवरून वर्षाअखेरीस 54,000 पर्यंत गेले. मालकांस संयुक्त संप-समितीशी बोलावे लागले आणि वाद फॉसेट कमिटीपुढे गेला.

मग नवाच प्रश्न उभा राहिला. संघटना अनेक असल्या तर मजुरांच्या वतीने कोणी बोलावे? 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने उत्तर दिले की, एका प्रातिनिधिक संघटनेनेच. व्यवस्थेच्या दृष्टीने हे सोयीचे होते. पण 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले, तेव्हा कायद्याने मान्य संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती आणि कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. ज्याच्याशी बोलावयाचे तो कामगारांचा नव्हे, आणि जो कामगारांचा त्याच्याशी बोलावयाचे नाही, असा तो पेच होता. तो संप विधिपूर्वक कधी मिटलाच नाही. हजारो संसार मात्र त्यात मोडले. त्या पडझडीस जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा अशी इतरही कारणे होती. आमच्या नागपूरची एम्प्रेस मिलदेखील 2002 साली बंद पडली.

संसदेने 2020 साली संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. अनेक संघटना असल्यास 51 टक्के कामगार जिच्या बाजूस असतील तिनेच वाटाघाटी कराव्यात, आणि तशी कोणी नसल्यास वाटाघाटी परिषद नेमावी, असे तीत सांगितले आहे. संख्येचा प्रश्न कायद्याने सुटेल. विश्वासाचा सुटणार नाही. मालकाच्या दारी जाण्यापूर्वी सभासदांस विचारावे, आणि परत येऊन काय मिळाले व काय सोडावे लागले ते त्यांस स्पष्ट सांगावे, हे संघटनेचे खरे कार्य होय. लोखंड्यांपाशी कायदा नव्हता. पण ज्यांच्या वतीने ते बोलत होते, त्यांच्या सह्या त्यांच्या हाती होत्या. आजच्या पुढाऱ्यांनीही वाटाघाटीस बसण्यापूर्वी आपला हात एकवार तपासून पाहावा, इतकेच माझे सांगणे.