पानिपत : जुन्या कपड्यांचा मुक्काम

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. ‘पानिपत होणं’ हा शब्दप्रयोगही आपल्याकडे तिथूनच आला. आज लढाई बाजूला ठेवू. हरियाणातलं हे शहर कापडाच्या धंद्यात वेगळ्याच कारणासाठी ओळखलं जातं. श्रीमंत देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे इथे येतात, पिंजले जातात आणि त्यांची ब्लँकेटं होतात. ‘फास्ट फॅशन’वर उपाय काय, असं विचारलं की हमखास अशा पुनर्वापराकडे बोट दाखवलं जातं. तो उपाय किती पुरतो, हे त्याच्या इतिहासातूनच कळतं.

ही युक्ती मूळची इंग्लंडची. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून सूत काढलं. या मालाला ‘शॉडी’ म्हणत. कापड स्वस्त आणि उबदार. गरिबालाही परवडू लागलं. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, त्यामुळे कापड कमी टिकतं. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तेव्हा काही कंत्राटदारांनी निकृष्ट शॉडीचे गणवेश पुरवले, आणि ते सैनिकांच्या अंगावरच विरले. त्यानंतर इंग्रजीत ‘शॉडी’ म्हणजे हलक्या प्रतीचं, हा अर्थ पक्का झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर, बिचाऱ्या कापडाच्या नावाचं पानिपत झालं.

पुढे हा धंदा भारतात रुजला. पानिपतला विणकाम जुनंच होतं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ते वाढवलं. जुन्या कपड्यांच्या गाठी गुजरातेत कांडल्याला उतरतात. हे कपडे इथल्या बाजारात तसेच विकले जाऊ नयेत, म्हणून शॉडीसाठीचा माल फाडून-कापूनच देशात आणायचा असतो. पानिपतच्या शेडमध्ये बायका जमिनीवर बसून, विळीसारख्या उभ्या पात्यावर बटणं, चेन, अस्तर कापून काढतात. मग रंगांचे ढीग लागतात : लालात लाल, निळ्यात निळा. मला यातली सगळ्यात मोठी हुशारी इथेच दिसते. रंग आधीचाच असल्याने सूत पुन्हा रंगवावं लागत नाही; तेवढं पाणी आणि रसायनं वाचतात. भूकंपात, पुरात वाटायला मदत संस्था वर्षानुवर्षं इथली ब्लँकेटं नेत आल्या. अर्थात पिंजताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते, तिचा हिशेब कोणी ब्लँकेटच्या किमतीत धरत नाही.

आणि मग कपड्याची जातच बदलली. शॉडीला मुख्यतः लोकर हवी. आजच्या स्वस्त कपड्यात मात्र कापूस, पॉलिएस्टर आणि ताणला जाणारा इलॅस्टेन एकत्र विणलेले असतात. ते पुन्हा वेगळे करणं फार अवघड. दुसरीकडे नव्या पॉलिएस्टरचं फ्लीस ब्लँकेट आलं. मऊ, हलकं, स्वस्त. त्याने शॉडीचं गिऱ्हाईक ओढून नेलं. पानिपतमधले कित्येक कारखानदारही आता फ्लीस बनवू लागले आहेत. म्हणजे जुन्या कपड्याचं पुढे काय होणार, हे तो टाकताना नाही, विणतानाच ठरून गेलेलं असतं. आपल्याकडे दारावर येणाऱ्या बोहारणीला हे नेमकं ठाऊक होतं. साडीचा पोत बोटांनी चाचपून ती पातेलं द्यायचं की वाटी, ते ठरवायची. चार धुण्यांत गोळे येणारा टी-शर्ट तिने हातात तरी धरला असता का?

मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ हा २०१२चा छोटा माहितीपट याच पानिपतवर आहे. त्यात कपडे कापणाऱ्या बायका आपसांत बोलतात. इतके धडधाकट कपडे लोक टाकतात तरी का, याचं त्यांना कोडं पडतं. त्यांनी काढलेलं उत्तर साधं आहे : तिकडे पाणी फार महाग असणार, म्हणून धुण्यापेक्षा फेकून देणं परवडत असेल.