दोष आईचा नव्हताच

मूल उशिरा बोलू लागलं, नजरेला नजर देईना, की आपल्या वसई-विरारच्या गावांत पहिला प्रश्न आईलाच विचारतात. ग्रहणात काही चिरलंस का? गरोदरपणी काय खाल्लंस?

शिकलेल्या देशांतही हेच झालं. अमेरिकेत १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, वर्णन लिहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिथले डॉक्टर म्हणत, आईची माया कमी पडली. १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला, कारण जन्मजात असल्याचं दिसलं आणि तो आरोप ढासळू लागला. पण मेंदूत नेमकं काय होतं, हे बघायचं कसं? जिवंत लेकराच्या मेंदूचा तुकडा तर काढता येत नाही.

वाट निघाली पेशी शरीराबाहेर जगवण्याच्या विद्येतून. ही विद्या मुंबईत रुजवणाऱ्यांमध्ये एक मराठी बाई होत्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू करणाऱ्यांतही त्या होत्या. त्या बाल्टिमोरच्या ज्या प्रयोगशाळेत शिकून आल्या, तिथेच १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी तिला न विचारता वाढवल्या गेल्या. आज संशोधनासाठी नमुना घ्यायचा तर आधी समजावून संमती घ्यावी लागते.

पुढे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मागे नेऊन मूळपेशी बनवल्या. अशा मूळपेशीतून मेंदूची पेशीही घडवता येते. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

रेट नावाचा आजार बहुतेक मुलींनाच होतो. चांगली वाढणारी पोर बोलणं आणि हातांचं काम विसरू लागते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात अशा मुलींच्या त्वचेपासून मेंदूच्या पेशी बनवल्या. त्यांच्यात एकमेकींशी जोडणारे दुवे कमी निघाले. मूळ कारण एका जनुकातला बदल, आणि तो बहुधा नव्यानेच घडलेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. बंगळुरूलाही निम्हान्स आणि सोबतच्या संस्था मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या रक्तातून मूळपेशी बनवून अभ्यास करतात.

पण मैत्रिणींनो, हा अभ्यास आहे, उपचार नव्हे. ‘मूळपेशींच्या इंजेक्शनानं ऑटिझम बरा करतो’ अशी जाहिरात दिसली तर दागिने मोडू नका, जमीन विकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे, की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही.

शंका आली तर अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी मोफत करतं. बोलण्याचे आणि हाताच्या कामाचे सराव लवकर सुरू झाले तर मुलाला फायदा होतो. गटात अशी एखादी आई असेल, तर तपासणीला तिच्यासोबत आपल्यातली एक जणही जाऊ या.