कॉलेज नक्की कितवीपासून?

जर्मनीतल्या मराठी घरातून फोन येतो, ‘नातू जिम्नॅशियमला लागला.’ इकडे आजीला काळजी: दहा वर्षांच्या पोराला आत्तापासून वजनं कशाला उचलायला लावतात? तिला कोणीतरी सांगायला हवं, की तिकडे चौथीनंतर अभ्यासात पुढे असलेली मुलं ज्या शाळेत जातात, तिचं नाव जिम्नॅशियम. ग्रीक ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा. अंगावरचे कपडे उतरवून तरुणांनी कसरत करायची ती जागा जिम्नॅशियम. कसरतीबरोबर तिथे गप्पाही रंगत आणि त्या गप्पांत तत्त्वज्ञ असत. इंग्रजांनी त्यातली कसरत उचलली, जर्मनांनी अभ्यास.

प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचं लायसियम हीसुद्धा मुळात अथेन्सच्या वेशीबाहेरची जिम्नॅशियमच. या लायसियमचं फ्रान्समध्ये लिसे झालं, इटलीत लिचेओ, पोर्तुगालमध्ये लिसेव. पोर्तुगीजांनी १८५४ साली ते पणजीत आणलं. आल्तिनोच्या टेकडीवरच्या त्या वास्तूंना आजही लायसियम म्हणतात.

‘कॉलेज’ हा मात्र पक्का फिरस्ता. लॅटिन ‘कोलेगियुम’ म्हणजे सहकाऱ्यांचा संघ. त्यात शिक्षणाचा वासही नाही. म्हणूनच तो कुठेही खपला. इंग्लंडच्या ईटन कॉलेजात तेराव्या वर्षी जातात, फ्रान्सच्या कॉलेजात अकराव्या, आणि अमेरिकेत कॉलेज म्हणजे थेट पदवी. आपल्याकडे तरी एकवाक्यता कुठे आहे? सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि मधली दोन वर्षं कोणाची, हा प्रश्न पडला. महाराष्ट्राने त्यांना ज्युनिअर कॉलेज म्हटलं, गोव्याने हायर सेकंडरी, कर्नाटकाने पीयूसी. उत्तर प्रदेशातलं इंटर कॉलेज तर पुष्कळदा सहावीपासूनच सुरू होतं. सावंतवाडीचा अकरावीतला मुलगा ‘कॉलेजला जातो’ आणि पेडण्यातला त्याचा मामेभाऊ अजून शाळेतच. माझ्या मते या नावाने महाराष्ट्रातल्या सोळा वर्षांच्या मुलांना उगाचच दोन वर्षं आधी मोठं केलं. ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असं फलकावर लिहिलेलं असतं खरं, पण त्यातला ‘कनिष्ठ’ कोणी तोंडाने उच्चारत नाही!

सगळ्यात उलटापालट झाली ती मॅट्रिकची. लॅटिन ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदवही. विद्यापीठाच्या पटावर नाव चढलं की मॅट्रिक्युलेशन झालं. ऑक्सफर्डला नव्या विद्यार्थ्यांचा तो समारंभ अजून होतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा विद्यापीठात शिरण्याची, पण द्यायची शाळा संपताना. पुष्कळांची मजल तिथेच थांबे, त्यामुळे आत जाण्याचं नाव बाहेर पडण्याला चिकटलं. मग ‘मॅट्रिक झाला’ म्हणजे शिक्षण झालं, नोकरी आणि लग्न दोन्ही करायला मोकळा. ‘नॉन-मॅट्रिक’ ही तर नापासांची मानाची पदवीच होती. आपली मॅट्रिक अकरावीला असे. पाकिस्तानात ती दहावीला आहे, दक्षिण आफ्रिकेत बारावीला.

‘हायस्कूल’चं जर्मनमध्ये शब्दशः रूप होतं ‘होखशूल’, आणि त्याचा अर्थ विद्यापीठाच्या दर्जाची संस्था. हायस्कूल शिकलेल्याने तिकडे अर्ज भरताना जपावं.

नावं सोडून आकड्यांवर विसंबावं, तर तेही भरवशाचे नाहीत. फ्रान्समध्ये मुलं सहावीतून पाचवीत, पाचवीतून चौथीत चढतात. पहिलीनंतर येते ती शेवटची इयत्ता. आपल्याकडे साधारणपणे मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली लागे, म्हणजे आजची पाचवी. इंग्रजी सातवी ती मॅट्रिक. त्यामुळे जुन्या एखाद्या चरित्रात ‘इंग्रजी तिसरीतून शाळा सुटली’ असं वाचलं, तर तो माणूस सातवीपर्यंत पोचला होता असं धरावं.