बंगळुरूचा तयार कपडे उद्योग : शाश्वततेचा हिशेब कापडापासून कामगारापर्यंत

बंगळुरू : तयार कपड्यांच्या निर्यातीचे देशातील प्रमुख केंद्र असलेल्या बंगळुरूत ‘शाश्वत उत्पादन’ हा शब्द आता जाहिरातीपुरता उरलेला नाही. एका शर्टामागे किती वीज लागली, किती पाणी खर्च झाले, किती कापड वाया गेले आणि कापूस कोठून आला, याची नोंद युरोप व अमेरिकेतील खरेदीदार कंपन्या पुरवठादारांकडे मागू लागल्या आहेत. या मागणीमुळे कारखान्यांत काही बदल खरोखर घडले. काही मात्र प्रमाणपत्राच्या चौकटीत अडकून राहिले. या दोहोंतील फरक समजण्यासाठी प्रथम या शहरातील उद्योगाचे स्वरूप पाहावे लागते.

बंगळुरूचा कापडाशी संबंध जुना आहे. बंगळुरू वुलन, कॉटन अँड सिल्क मिल्स ही गिरणी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे बिन्नी समूहाचा भाग म्हणून ओळखली गेली. तेथे सूतकताई आणि विणकाम होत असे. गिरण्यांचा तो काळ सरल्यानंतर पीण्या, बोम्मनहळ्ळी, होसूर मार्ग, म्हैसूर मार्ग या भागांत उभे राहिलेले कारखाने वेगळ्या प्रकारचे होते. बाहेरून आलेले कापड कापणे, शिवणे, इस्त्री करून खोक्यात भरणे एवढेच त्यांचे काम. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा पद्धत संपुष्टात आल्यावर त्यांचा विस्तार झाला. पुढे मनुष्यबळ आणि जागेच्या शोधात ते दोड्डबळ्ळापूर, रामनगर, मद्दूर, मंड्या या दिशांनी पसरले. आज कर्नाटकातील या उद्योगात चार लाखांहून अधिक कामगार असून त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे.

शाश्वततेच्या चर्चेत ‘फक्त शिलाई’ हे वैशिष्ट्य निर्णायक ठरते. कपड्याचा पर्यावरणावरील सर्वाधिक भार कापूस पिकवणे, कृत्रिम धागा तयार करणे, सूतकताई आणि रंगणी-प्रक्रिया या टप्प्यांवर पडतो. शिलाईचा वाटा त्या मानाने लहान आहे. त्यामुळे छतावर सौरपट्ट्या बसवलेला, पावसाचे पाणी साठवणारा आणि ‘हरित इमारत’ म्हणून प्रमाणित झालेला कारखाना स्वतःच्या आवारात कितीही काटेकोर असला, तरी त्याच्या मालाचा खरा ठसा शेकडो किलोमीटर दूर उमटलेला असतो. कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात स्वतःचे इंधन, विकत घेतलेली वीज आणि पुरवठा साखळी असे तीन स्तर धरले जातात. बंगळुरूच्या बहुतेक निर्यातदारांचा मोठा आकडा तिसऱ्या स्तरात असतो, आणि तोच मोजणे सर्वांत अवघड आहे.

पाण्याच्या बाबतीत हे अंतर ठळकपणे दिसते. बंगळुरूला विणलेले होजियरी कापड पुरवणाऱ्या तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे रंगणी कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरत्तुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी झाले होते. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी न्यायालयात दीर्घ लढा दिला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सुमारे ७०० रंगणी कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर सुरू झालेल्या कारखान्यांना ‘शून्य सांडपाणी विसर्ग’ ही अट पाळावी लागते. सांडपाणी जैविक प्रक्रियेनंतर सूक्ष्म पडद्यांतून गाळले जाते आणि उरलेले अतिखारट पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवून त्यातील मीठ वेगळे काढतात. बहुतांश पाणी पुन्हा रंगणीस वापरता येते. पण पाणी आटवण्यास उष्णता लागते, म्हणजेच इंधन लागते. नदी वाचते, तेव्हा बॉयलरचा खर्च आणि धूर वाढतो. शिवाय मीठ-मिश्र गाळाची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न उरतो. महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र अपरिचित नाही. इचलकरंजीतील प्रोसेस कारखाने आणि पंचगंगेचे प्रदूषण हा वाद याच जातकुळीचा आहे.

खुद्द बंगळुरूत पाण्याचा मोठा वापर होतो तो जीन्स आणि शर्ट धुऊन त्यांना मऊपणा व फिकटपणा देणाऱ्या ‘वॉशिंग’ विभागांत. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे १४,००० कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सांगितले होते. कारखान्यांनी लेझर आणि ओझोन यांच्या साहाय्याने कमी पाण्यात जीन्स फिकी करण्याची यंत्रे घेण्यामागे खरेदीदारांच्या आग्रहाइतकाच टँकरच्या पाण्याचा भावही असतो.

शिलाई कारखान्याच्या हाती थेट असलेली बाब म्हणजे कापड. तयार कपड्याच्या उत्पादनखर्चातील निम्म्याहून अधिक वाटा कापडाचा असतो. कापणीच्या टेबलावर कापडाचे थर रचून त्यांवर नमुन्याचे भाग संगणकाने अशा रीतीने मांडले जातात, की मधली मोकळी जागा कमीत कमी राहावी. तरीही साधारण १० ते १५ टक्के कापड कात्रण म्हणून उरते. गोल गळा आणि वळणदार बाही चौकोनी कापडातून निघतात, तोवर हे अटळ आहे.

या कात्रणाचा पुढचा प्रवास अनेक हातांतून होतो. कंत्राटदार ते वजनावर उचलतात. गोदामांत स्त्रिया ते रंग, पोत आणि धाग्यानुसार निवडतात. शुद्ध सुती कात्रणाला चांगला भाव मिळतो. ते तिरुप्पूर किंवा हरियाणातील पानिपतकडे जाते, तेथे यंत्रात पिंजून त्याचे पुन्हा तंतू केले जातात आणि त्यांत नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळून सूत काढले जाते. निवड रंगानुसार काटेकोर झाली असेल, तर या सुताला पुन्हा रंगवावे लागत नाही. पाण्याची आणि रसायनांची मोठी बचत येथेच होते. मात्र पिंजण्यात तंतू आखूड होतात आणि सूत जाडसर निघते. कापडात थोडेसे जरी इलॅस्टेन असले, म्हणजे ताणता येणारा धागा असला, तरी पिंजण यंत्रात तो गुंततो. ताणल्या जाणाऱ्या जीन्सची फॅशन ही म्हणूनच पुनर्वापर करणाऱ्यांची डोकेदुखी आहे. मिश्र धाग्यांचे कात्रण उशा-गाद्यांत, पोछ्यांत किंवा भट्टीत जाते.

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७७.९३ लाख टन वस्त्र-कचरा जमा होतो. जगातील एकूण वस्त्र-कचऱ्याच्या तो ८.५ टक्के आहे. त्यातील ५१ टक्के देशातील वापरलेल्या कपड्यांचा, ४२ टक्के कारखान्यांतील आणि सात टक्के आयात जुन्या कपड्यांचा आहे. म्हणजे ज्या कचऱ्याचा धागा, रंग व मूळ ठाऊक असते, तो कारखान्यातला कचरा पाच भागांपैकी दोनांहून अधिक आहे. पुनर्वापराच्या दृष्टीने हाच सर्वांत सोयीचा माल होय. दुसरीकडे, ‘पुनर्वापरित पॉलिएस्टर’ असे लेबल लावलेल्या कपड्यातील धागा बहुधा जुन्या कपड्यांपासून नव्हे, तर प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनलेला असतो. ग्राहकाचा येथे हमखास गैरसमज होतो आणि लेबल तो दूर करीत नाही.

विजेच्या बचतीबाबत बंगळुरूच्या कारखान्यांतूनच एक महत्त्वाचा अभ्यास पुढे आला. अर्थतज्ज्ञ अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम यांनी शहर परिसरातील कारखान्यांमधील प्रत्येक शिलाई लाइनच्या दैनंदिन उत्पादनाची नोंद हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. २०२० मध्ये ‘द रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तापमान वाढले की उत्पादन घटते, हे त्यातून दिसलेच. शिवाय जुन्या दिव्यांऐवजी कमी उष्णता सोडणारे एलईडी दिवे लावल्यावर उष्ण दिवसांतील उत्पादन वाढल्याचे आढळले. सरासरी एका कारखान्याची विजेत सुमारे २,८८० डॉलरची बचत झाली, तर वाढीव उत्पादनातून सुमारे ७,५०० डॉलरचा लाभ झाला. हा लाभ जमेस धरता दिव्यांवरील खर्च वसूल होण्यास लागणारा काळ जवळपास एक षष्ठांशावर आला.

या आकड्यांचा एक अर्थ व्यवस्थापनाच्या बैठकांत क्वचितच मोठ्याने उच्चारला जातो. विजेच्या बिलापेक्षा मोठा तोटा मशीनवर बसलेल्या बाईला होणाऱ्या उष्म्याच्या त्रासातून होत होता. थंड हवेचे शहर अशी ख्याती असलेल्या बंगळुरूत एप्रिल २०१६ मध्ये ३९.२ अंश सेल्सिअस, तर २८ एप्रिल २०२४ रोजी ३८.५ अंश तापमान नोंदले गेले. पत्र्याच्या छताखाली, इस्त्रीच्या वाफेजवळ ते त्याहून अधिक असते.

कामगारांच्या बाबतीत मात्र शाश्वततेचे अहवाल अनेकदा आखडते घेतात. कर्नाटक सरकारने २०२० मध्ये किमान वेतनाशी जोडलेला बदलता महागाई भत्ता पुढे ढकलला. ही रक्कम दरमहा सुमारे ४१७ रुपये होती. थकबाकीसह हा भत्ता देण्याचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला. तरीही अनेक कारखान्यांनी तो दिला नाही. कामगार संघटना आणि ‘वर्कर राइट्स कन्सॉर्टियम’ या अमेरिकी संस्थेने खरेदीदार कंपन्यांवर दबाव आणल्यानंतर, २०२२ च्या सुरुवातीस मोठ्या निर्यातदारांकडून थकबाकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. या मधल्या काळातही पाणीबचतीचे आणि सौरविजेचे तक्ते नियमित भरले जातच होते. त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावरील नव्या निर्बंधांविरोधात हजारो स्त्रिया होसूर मार्गावर उतरल्या आणि दोन दिवसांत केंद्राला तो निर्णय मागे घ्यावा लागला होता.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला कापूस आहे. सेंद्रिय वस्त्रांसाठीच्या ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील २०,००० टन कापसाला बनावट कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय ठरवले गेल्याचे उघड केले आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. नियमाने कष्ट करणाऱ्या सेंद्रिय कापूस उत्पादकांचे यात दुहेरी नुकसान झाले : बनावट मालाने भाव पाडला आणि नंतर खऱ्या मालावरचा विश्वासही डळमळला. जिनिंगमध्ये अनेक गावांचा कापूस एकत्र होतो. गाठीचा माग तेथेच सुटतो. बंगळुरूच्या निर्यातदाराला लेबलवर ‘सेंद्रिय’ लिहिताना या कागदांवरच विसंबावे लागते.

नियमांची चौकट आता आवळत आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे ‘सेबी’ने बंधनकारक केले, पण शिलाई कारखान्यांपैकी बहुसंख्य सूचिबद्धच नाहीत. युरोपीय संघाचा पर्यावरणपूरक उत्पादनरचनेचा नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाला. त्यात न विकलेले कपडे नष्ट करण्यास मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई, तसेच प्रत्येक उत्पादनाचा डिजिटल माहितीपट ठेवण्याची तरतूद आहे. पुरवठा साखळीतील मानवी हक्क व पर्यावरणाच्या दक्षतेचा निर्देशही २०२४ मध्येच आला. मात्र त्याची अंमलबजावणी २०२५ मध्ये पुढे ढकलण्यात आली. नोंदी ठेवण्याचा, तपासणीचा आणि नव्या यंत्रांचा खर्च सध्या पुरवठादार सोसतात आणि त्या प्रमाणात शर्टाची खरेदी किंमत वाढवून देण्याची सक्ती खरेदीदारांवर नाही. लहान कारखान्यांची मुख्य तक्रार हीच आहे.

केंद्राच्या ४,४४५ कोटी रुपयांच्या पीएम मित्र योजनेतून देशात सात वस्त्रोद्यान उभे राहत आहेत. त्यांत कर्नाटकातील कलबुर्गी आणि महाराष्ट्रातील अमरावती यांचा समावेश आहे. सूतकताईपासून शिलाईपर्यंत सर्व टप्पे एका आवारात आणण्याची ही कल्पना आहे. असे झाल्यास सांडपाणी प्रक्रिया सामाईक होईल, कात्रण आवारातच पिंजता येईल आणि मालाचा मागही ठेवता येईल. मात्र कलबुर्गी आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बंगळुरूत दिव्यांच्या उष्णतेनेही शिलाईचा वेग मंदावत असेल, तर या शेडचे छत, वायुवीजन आणि इस्त्री विभागाची जागा कशी असावी, हे बांधकामाच्या आराखड्यातच ठरावे लागेल.