नवं पाणी, जुने मासे

भोर आणि वेल्हे म्हटलं की आपल्याला राजगड आठवतो, तोरणा आठवतो, आंबेमोहोर तांदूळ आठवतो. मासे सहसा आठवत नाहीत. पण हे दोन तालुके म्हणजे नद्यांचं माहेर आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसी या साऱ्या इथल्याच डोंगरांतून उतरतात. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या आणि भोरच्या कातकऱ्यांना, कोळ्यांना या नद्यांतला मासा नावानिशी ठाऊक आहे. मी बरीच वर्षं या भागात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे मासे हा माझ्या अभ्यासाचा आणि तितकाच गप्पांचाही विषय.

अलीकडे या गप्पांत एक नवा प्रश्न आला आहे. गावोगावी चांगली घरं झाली, बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी काचेची मत्स्यपेटी आली. लोक हौसेनं गोल्डफिश, गप्पी, एंजल आणतात. आणि आठ-दहा दिवसांनी विचारतात, ‘‘सर, पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, पंप चालू आहे, खायलाही भरपूर घालतो. मग मासे मरतात का?’’

या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणत्या माशाला कोणतं खाद्य आवडतं, याचा विचार त्यात आहे. पण हे मासे नदीत, तळ्यात राहणारे. तिथलं पाणी आपली काळजी आपण घेतं. घरातल्या बंद भांड्यात मासा वर्षानुवर्षं कसा जगवायचा, याचं उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८४९ साली बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि सोबत एक पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. थोड्याच दिवसांत वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. १८५० साली वॉरिंग्टननी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला.

वॉरिंग्टनना वाटलं, मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांत कोडं सुटलं. पण चौथा भिडू त्यांना दिसलाच नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. गंमत अशी, की त्याच्या शोधात त्यांच्या मुलानंच मोठी भर घातली. मुलाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. तो इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथं शेतीच्या मातीवर काम करत होता. मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट होतं, ते जिवंत जिवाणूंमुळे, हे १८७७ मध्ये फ्रान्समधल्या श्लेझिंग आणि म्यून्झ यांनी दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टननं दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू वेगळे करून वाढवण्यात १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांना यश आलं. वडिलांनी मत्स्यपेटी मांडली, आणि ती का चालते याचं अर्धं उत्तर मुलानं शेतातल्या मातीत शोधलं!

आता आपल्या पेटीकडे येऊ. मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. अमोनिया माशाला विषासारखा आहे. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. जुन्या पेटीत वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती असते, ती तो खाऊन टाकते. नव्या पेटीत ही वस्तीच नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. म्हणजे पाणी आरशासारखं दिसतं, पण ते अजून नांदतं झालेलं नसतं. नव्या घरात चूल पेटल्याशिवाय ते घर होत नाही, तसंच हे. आणि नेमक्या याच दिवसांत आपण हौसेनं दहा-बारा मासे सोडतो आणि दिवसातून चार वेळा खायला घालतो.

मासा बोलत नाही, पण सांगतो मात्र सगळं. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला, कल्ले भराभर हलू लागले, तर त्याला श्वास पुरत नाही असं समजावं. पंप चालू असूनही असं होतं. त्याचं कारण नायट्राइट. ते रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि लाल रक्त तपकिरी होतं. पाण्यात प्राणवायू असून मासा गुदमरतो. पर अंगाशी मिटून घेणं, रंग फिका पडणं, खाण्याकडे पाठ फिरवणं, दगडावर अंग घासणं, ही पुढची लक्षणं. अंग घासताना दिसला की लोक दुकानातून औषधाची बाटली आणतात. कधी कधी तो परजीवींचा रोग असतोही. पण नव्या पेटीत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. रोजच्या रोज थोडं, पाव हिश्श्यापर्यंत पाणी बदलावं, खाणं कमी करावं. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावं, म्हणजे साध्या क्लोरीनचा अंश उडून जातो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुऊ नये. आपण घाण धुतो असं वाटतं, पण धुतली जाते ती जिवाणूंची वस्ती.

मात्र वागण्याचा अर्थ लावताना मासा कोणता आणि किती वयाचा, हे पाहायला हवं. याचं सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

कर्नल साइक्स हे कंपनी सरकारचे अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडले. त्यांनी इथल्या माशांची नोंद केली आणि शास्त्रीय नावं देताना आपल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून जगभरच्या ग्रंथांत कोलस, शिंगटी, फुलंगी ही मराठी नावं लॅटिनच्या वेषात आजही वावरतात. त्यातलाच एक ‘खुद्री’. आपण त्याला खडशी म्हणतो, इंग्रजीत महसीर. साइक्सना तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता.

हा मासा धरणं झाली तसा कमी होऊ लागला. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. चढणीची वाट अडली की वंश अडतो. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला, टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावांवर, या माशाचं कृत्रिम प्रजनन साधलं. पुढे एस. एन. ओगले यांच्यासह तिथं मोठं काम उभं राहिलं. महसीरची अंडी तीन-चार दिवसांत उबतात. उबलेली पिल्लं पुढचे काही दिवस उजेड टाळून, डोकं खाली घालून कोपऱ्यात गर्दी करून पडून राहतात. नवख्याला वाटावं, ही आता मरणार. पण ते त्यांच्या निरोगीपणाचंच लक्षण. पोटाखालच्या पिशवीतलं अन्न संपेपर्यंत पिल्लू लपून राहतं. हेच वागणं मोठ्या माशानं केलं असतं तर मात्र काळजीची गोष्ट. तळाशी निवांत पडून राहणारा मुरा आजारी नसतो, आणि सदा पोहणारा मासा तळाशी बसला तर तो बरा नसतो. कुलकर्णी आणि ओगले यांनी ही अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानं दूरदूर पाठवण्याची रीतही बसवली. १९७९ मध्ये त्यांनी ती शोधनिबंधातून प्रसिद्ध केली.

पेटीत घडतं त्याच्याशी मिळतंजुळतं मोठ्या मापावर धरणात घडतं. भाटघरला वेळवंडीवर पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. त्याच्या खालच्या बाजूचं मोठं लॉइड धरण १९२८ मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. वेल्ह्यात आंबीवर पानशेत, मोसीवर वरसगाव झालं. नवं धरण भरतं तेव्हा बुडालेली झाडंझुडपं कुजतात, तळाचा प्राणवायू संपतो. मग त्यातून सुटलेल्या खतावर काही वर्षं मासळी जोमानं वाढते आणि पुढे ओसरते. जे मासे वाहत्या पाण्याचे, ते या उभ्या पाण्यात मागे पडतात. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात इंजेक्शननं माशांचं प्रजनन साधलं. त्यानंतर कटला, रोहू, मृगळ या गंगेकडच्या माशांची बोटुकली देशभरच्या जलाशयांत सोडणं सोपं झालं. पोटापाण्याचा प्रश्न त्यातून सुटतो, हे खरंच. पण कोलस, खडशी यांना त्यातून घर परत मिळत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. पेटीचा कंटाळा आला, मासा फार वाढला, म्हणून पुष्कळ जण तो भलेपणानं नदीत, धरणात सोडून देतात. तसं करू नका. उजनीत चिलापीनं काय केलं, हे कोणत्याही कोळ्याला विचारा. पेट्यांतून सुटलेला सकर मासाही आता तिथल्या जाळ्यांत येतो. फार कशाला, आपली गुणी खडशी लोणावळ्याहून कावेरीत नेली, तर तिथला मूळचा मदार पाठीचा महसीर नाहीसा होण्याच्या मार्गाला लागला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. मासा तोच, पाणी बदललं आणि पाहुणा भारी पडला.

घरची पेटी मात्र जरूर ठेवा. मुलांना तिच्यासमोर बसवा. पहिला महिना दोन-तीनच मासे, चिमूटभर खाणं आणि पुष्कळ निरीक्षण. वहीत रोज दोन ओळी लिहायला सांगा. मासा कुठं होता, पर उघडे होते की मिटलेले, खाल्लं का. ज्या मुलाला काचेतल्या माशाचा श्वास मोजता येतो, त्याला उद्या गुंजवणीच्या डोहात मासे वर येऊन तोंड का उघडताहेत, हेही कळेल. आणि ते कळणारी माणसं या नद्यांना आता हवी आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)