रणरणत्या उन्हातील फुलझाडे : मॉरिशसच्या अंगणांचा इतिहास

मॉरिशस द्वीप विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर वसलेले आहे. द्वीपाच्या मध्यभागी असलेल्या पठारावर वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पश्चिम किनाऱ्यावर मात्र १००० मिलिमीटरही पडत नाही. याच उन्हाच्या पट्ट्यात, रिव्हिएर न्वार जिल्ह्यात, मराठी मजुरांची अनेक कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या अंगणात कोणते झाड तगले आणि ते तेथवर कोणत्या वाटेने आले, ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

या हकीकतीचा आरंभ पाम्प्लमूसच्या उद्यानापासून होतो. फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्र हे १७६७ मध्ये या द्वीपावर आले व त्यांनी त्या उद्यानास आकार दिला. १७६८ मध्ये फिलिबेर कोमेरसों हे वनस्पतिशास्त्रज्ञ बुगेनव्हिल यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेतील जहाजावरून येथे उतरले. त्यांच्याबरोबर झान बारे ही स्त्री होती. स्त्रियांना जहाजावर मज्जाव असल्यामुळे तिने पुरुषवेषात प्रवास केला होता. तत्पूर्वी १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर या मोहिमेत एक काटेरी वेल गोळा करण्यात आली होती. तिला कप्तानाचे नाव मिळाले. तीच आजची बोगनवेल. कोमेरसों १७७३ मध्ये याच द्वीपावर निवर्तले.

गुलमोहराची कथाही अशीच आहे. मॉरिशसमध्ये राहून संशोधन करणारे वेन्झेल बोयर यांना हा वृक्ष १८२० नंतरच्या दशकात मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर आढळला व १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे तो उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरला. महाराष्ट्रात तो वैशाखाच्या उन्हात फुलतो. मॉरिशसमध्ये ऋतू उलटे असल्याने नाताळच्या सुमारास लाल होतो. झाड तेच, ऊनही तेच. पंचांग मात्र निराळे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईस येथे उतरले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख भारतीय या द्वीपावर आले; कलकत्ता, मद्रास व मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरे होती. मळेवाल्याच्या वाड्यापुढे उद्यान असे. मजुराच्या वाट्याला छावणीतील खोपटापुढची हातभर जमीन येई. तेथे जे लावावयाचे, ते उन्हात टिकणारे, थोड्या पाण्यावर जगणारे आणि देवपूजेस चालणारे असावे लागे.

ही निवड किती शहाणपणाची होती, हे एका गोष्टीवरून ध्यानात येते. कोकणात भाद्रपदातील गणेशचतुर्थी ऐन पावसाळ्यात येते. रानोमाळ फुले असतात. मॉरिशसमध्ये मात्र सप्टेंबर व ऑक्टोबर हे वर्षातील सर्वांत कोरडे महिने होत. अशा वेळी गणपतीस लाल फूल देते ती जास्वंद. ती बारमाही फुलते, छाटली की नवे धुमारे धरते आणि एका फांदीवरून शेजाऱ्याच्या दारीही वाढते.

चाफ्याचे सामर्थ्य त्याच्या जाड, रसरशीत खोडात आहे. कोरड्या दिवसांत तो पाने गाळून स्वस्थ राहतो. त्याची फांदी तोडून काही दिवस सावलीत सुकू द्यावी व मग रोवावी. ओली लावल्यास ती कुजते. बोगनवेलीचे रंगीत दळ ही खरे म्हणजे पाने होत. खरे फूल आत इवलेसे व पांढरट असते. अतिपाण्याने ती हिरवीगार माजते, पण रंग धरीत नाही. कण्हेर चिवट पानांच्या बळावर उन्हाळा काढते. परंतु तिचे सर्वांग विषारी असल्यामुळे मुले व गुरे वावरतात तेथे ती नसावी. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात व चक्रीवादळात त्याच्या फांद्या मोडतात. तो घरापासून दूरच बरा.

चाफा व झेंडू अमेरिका खंडातले, बोगनवेल ब्राझीलची, गुलमोहर मादागास्करचा. यांपैकी कोणीही येथले मूळचे नाही. मूळच्या झाडांची अवस्था मात्र बिकट आहे. ‘मांद्रिनेत’ ही स्थानिक जास्वंद कोर द गार्द व ल मॉर्न या डोंगरांवर अगदी थोडी उरली आहे. ल मॉर्नवरील ‘बूक्ल दोरेय’ या लाल घंटेसारख्या फुलास १९९२ मध्ये राष्ट्रीय पुष्पाचा मान मिळाला, तरी ते रानात दुर्मिळच आहे.

प्वाव्र, कोमेरसों व बोयर यांची नावे ग्रंथांत आहेत. पाम्प्लमूसच्या मातीत राबलेल्या गुलामांची आणि छावणीच्या दारी जास्वंदीची फांदी रोवणाऱ्या आजीची नोंद कोणी ठेवली नाही. त्या आजीचे ज्ञान तिच्या अंगणातच जिवंत होते. आज जुन्या अंगणांच्या जागी सिमेंटची फरसबंदी होत आहे. भिंतीलगत फूटभर माती मोकळी ठेवून तीत एक जुनी जास्वंद आणि रोपवाटिकेतून आणलेली एक मांद्रिनेत लावली, तरी पूर्वजांचे ऋण व या भूमीचे ऋण एकाच वेळी काही अंशी फिटेल.