मशेरी : जुनी रीत की नवी?

दात घासणे हा काय व्याख्यानाचा विषय, असे कुणी म्हणेल. मी कामगार चळवळीतला माणूस. जळगाव-धुळ्याकडच्या जिनांत कापूस निवडणाऱ्या बायांमध्ये माझी उमर गेली. माझी आईही त्यांतलीच. पहाटे तव्यावर तंबाखू भाजून तिची मशेरी हिरड्यांना लावल्याखेरीज ती कामावर निघत नसे. विचारले तर म्हणे, "जुनी रीत शे, भाऊ."

इतिहास मात्र निराळे सांगतो. सुश्रुतसंहितेत दातवणाचे वर्णन आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ, बिनगाठीचे, कडू झाडांत निंब उत्तम, तुरटांत खैर. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही दात घासण्याच्या काडीविषयी सविस्तर लिहिले आहे. त्यात तंबाखू नाही, आणि असणार तरी कशी? ती मूळची अमेरिकेतली. इकडे आणली पोर्तुगीजांनी. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तिथे ते नवलच ठरले. १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानाला मनाई केली. म्हणजे मशेरीची रीत फार तर चारशे वर्षांची. निंबाची काडी तिची पणजी शोभेल!

मग ही नवी रीत एवढी रुजली कशी? मशेरीने भूक मरते, अंगाचा शीण विसरतो. हे दुखणे दातांचे कमी आणि पोटाचे जास्त. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार?

आईच्या गालात पांढरा चट्टा उठला, तेव्हा मी सभांतून "मशेरी सोडा" सांगू लागलो. एक बाई उठून म्हणाली, "सोडते. पण दुपारपर्यंत रिकाम्या पोटाला काय लावू?" मी निरुत्तर झालो. तेव्हापासून आमच्या मागण्यांत न्याहारीची सुटी आली.

आता घासायचे कसे तेही सांगतो. मऊ ब्रश हिरडीशी तिरपा धरावा, हात हलका ठेवावा, दातांची आतली बाजू विसरू नये. फ्लोराइडची पेस्ट घ्यावी. दोन मिनिटे, सकाळी आणि रात्री झोपताना. एवढा वेळ आणि सकाळची भाकरी प्रत्येकीला मिळाली, तर मशेरीचा तवा आपोआप थंड होईल.